चोवीस खणांतला एक

सकाळपासून शेजारच्या खोलीतलं यंत्र कोकलत होतं. दर अर्ध्या मिनिटाला एक बारीक, टोचरं 'टीं'... आणि प्रत्येक 'टीं'सरशी तिच्या हातातला कुंचला केसभर हलायचा. केसभर म्हणजे तिच्या कामात फार झालं. वनस्पती संस्थेत ती झाडांची चित्रं काढायची. पानाच्या शिरा, फुलातले केसर, बीवरची लव — फोटोत जे निसटतं ते हाताने पकडायचं, ही तिची नोकरी. संस्थेत सगळे तिला चित्रकारीण म्हणायचे. घरी वहिनी रागावली की तीही तेच म्हणायची.

दुपारी तिचा संयम संपला. कुंचला पाण्यात बुडवून ती तरातरा उठली आणि तिने शेजारच्या थंडगार खोलीचं दार ढकललं.

"याचं तोंड कुणी बंद करणार आहे का?"

लोखंडी कपाटासमोर यंत्राच्या कंपनीतला एक जण उकिडवा बसला होता. बाह्या दुमडलेल्या, मांडीवर लॅपटॉप, कपाळाला आठी. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"करतो. पण आधी जरा इकडे या... यातला कोणता दिवा तुम्हाला वेगळा वाटतो?"

ती जागच्या जागी थांबली. "ही ओळख काढायची नवी तऱ्हा वाटतं?"

"ओळख झाली तर माझी हरकत नाही. पण खरंच विचारतोय."

"का? तुम्हाला डोळे नाहीत?"

"आहेत की, दोन. तुमचे धरले तर चार होतील."

आता मात्र तो वळला. थट्टा जिभेवर होती, डोळ्यांत नव्हती. डोळ्यांत काळजी होती, आणि ती पाहून तिचा राग कुठल्या कुठे गेला. ती निमूट त्याच्याशेजारी वाकली.

कपाटात सहा ओळी होत्या, एकेका ओळीत चार खण. खणाखणात डिस्क बसवलेली आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात मसुरीच्या दाण्याएवढा दिवा. तेवीस हिरवे, एक नारिंगी. इतकं ढळढळीत, की तिला हसूच आलं.

"हा काय! तिसरी ओळ, दुसरा खण. नारिंगी."

"नारिंगी..." अनोळखी माणसाचं नाव नीट लक्षात ठेवावं तसा तो पुटपुटला. मग लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "यंत्र म्हणतंय, नऊ नंबरची डिस्क गेली."

तिने बोटाने खण मोजले. "हा तर दहावा आहे."

"यंत्र शून्यापासून मोजतं. माणसं एकापासून. तिथेच घात होतो."

"बरं, झाली ना खात्री? मग काढा की."

तरी त्याचा हात पुढे होईना. "हे बघा, एक डिस्क गेली तर बाकीच्या मिळून सांभाळून घेतात. तिच्यात जे होतं ते पुन्हा उभं करतात. पण एकच. आता मी चुकून धडधाकट डिस्क ओढली, तर सगळंच जाईल. काय आहे हो यात?"

काय नव्हतं? चाळीस वर्षं रानोमाळ हिंडून गोळा केलेली, वाळवून कागदावर चिकटवलेली झाडं — त्या सगळ्या कागदांचे फोटो. कितीतरी कागदांना आता कसर लागली होती. काही झाडांची तर रानंच उरली नव्हती. ती फक्त इथे होती, या खणांत. शिवाय तिची तीन वर्षांची चित्रं.

"मग सगळ्यांना कामाला लावू," तो म्हणाला. "जी जिवंत आहे ती लुकलुकेल. गेलेली गप्प राहील."

त्याने काहीतरी टाइप केलं. क्षणभराने दिवे फडफडायला लागले... एक, चार, दहा, तेवीस. तिसऱ्या ओळीतला दुसरा तेवढा ढिम्म.

"हे आधीच का नाही केलंत? मला कशाला वाकवलंत?"

"सकाळपासून एकीचा भार बाकीच्यांवर आहे. त्यात त्यांना आणखी पळवायचं म्हणजे..." तो ओशाळून हसला. "जिवावर येतं."

खटका दाबून त्याने डिस्क ओढली, नवी सरकवली. 'टीं' थांबलं. लॅपटॉप मिटून तो उठला, पण दाराकडे गेला नाही.

"उद्या येतो," शेवटी तो म्हणाला. "नवी डिस्क भरायला एक दिवस लागतो. नीट भरली का, बघायला हवं."

ती टेबलाशी परतली. केसर रंगवायला घेतले. हात आता स्थिर होता. लक्ष मात्र काही केल्या थाऱ्यावर येईना.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा बाहेर भुरभुर चालली होती. यंत्राकडचं काम पाच मिनिटांत आटपलं. पण छत्री ओली होती, ती वाळेपर्यंत थांबणं भाग होतं. तो तिच्या टेबलाशी रेंगाळला.

"हे वाळकं पान मस्त जमलंय."

"वाळकं?" तिने समोरच्या पेल्यातली फांदी उचलली. "सकाळी तोडलंय ते. हिरवंगार आहे."

त्याची नजर फांदीवरून चित्राकडे गेली. तिने रंगाच्या दोन वड्या त्याच्यासमोर सरकवल्या फक्त. "यातली लाल कुठली?"

त्याने एकदा वड्यांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "...डावीकडची?"

"दोन्ही हिरव्या आहेत."

"हा अन्याय आहे!" तो म्हणाला, आणि इतका मोकळा हसला की तिलाही हसावं लागलं. मग खुर्ची ओढून बसला. "कधी लक्षात आलं?"

"काल. नारिंगी म्हणालात तेव्हाच."

"लाल, हिरवा, नारिंगी... मला सगळे एकाच घरातले वाटतात. कंपनीत कुणालाच माहीत नाही. सांगितलं तर या कामावर ठेवणार नाहीत." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगणार?"

"मी चित्रं काढते. चहाड्या करत नाही."

त्यानंतर यंत्राच्या प्रकृतीची भलतीच काळजी घेतली जाऊ लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा. संस्थेच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. एकदा त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काय हो, आमचं यंत्र इतकं आजारी आहे?"

"नाही बाई, पण लक्ष ठेवलेलं बरं."

"ठेवा, ठेवा. फक्त यंत्र पलीकडच्या खोलीत आहे, एवढंच सांगते."

त्याचे कान लाल झाले. तो लाल त्याला दिसला नसता. तिला चांगला दिसला.

रंग कळत नसले तरी उजेड आणि सावली त्याला तिच्यापेक्षा जास्त कळायची. एका पूर्ण झालेल्या चित्राकडे बघून तो म्हणाला, "या पानावर ऊन डावीकडून पडलंय आणि फुलावर उजवीकडून. तुमच्या झाडाला दोन सूर्य आहेत का?" तिने हसून उडवून लावलं, मग पाहिलं, आणि मुकाट्याने आठ दिवसांचं काम बाजूला ठेवून नवा कागद घेतला. तीन वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिलाही दिसलं नव्हतं.

"हल्ली गुणगुणत घरी येतेस," वहिनी म्हणाली.

"यंत्र दुरुस्त झालंय ना. डोकं शांत असतं."

"यंत्र दुरुस्त झालं आणि नणंद बिघडली, असं दिसतंय."

एक गोष्ट मात्र तिला सलायची. कधीकधी रंगात आलेलं बोलणं तो मध्येच सोडून द्यायचा. कुणीतरी मागून हाक मारल्यासारखा चेहरा व्हायचा त्याचा. "काय झालं?" विचारलं तर, "कुठे काय?" म्हणायचा, आणि थोड्या वेळाने उठून जायचा.

दोन महिने असे गेले. मग एका सकाळी यंत्र पुन्हा ओरडायला लागलं, आणि तो नेमका परगावी होता.

बाईंनी यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवलं होतं, त्यामुळे त्याला तिथून आत डोकावता येईना. संस्थेत एक नवी डिस्क जादा ठेवलेली होती. कंपनीतला दुसरा माणूस संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. शेवटी बाईंनी परगावी त्यालाच फोन लावला आणि तो तिच्या हातात दिला. "तूच बोल. तुम्हाला एकमेकांचं कळतं."

"नारिंगी दिवा आहे," ती आत शिरता शिरताच म्हणाली. "पाचवी ओळ, शेवटचा खण. ओढू?"

"नाही!" तो इतक्या जोरात ओरडला की तिने फोन कानापासून लांब धरला. मग सावकाश, आवाज आवरत, "नाही... थांबा. आधी सगळे दिवे बघा. पहिल्या ओळीपासून, एकेक."

"अहो, हिरवे आहेत बाकीचे. मला दिसतंय ना!"

"रंग सांगू नका. पेटलाय की नाही, एवढंच सांगा. बोट ठेवून."

वैतागून तिने बोट ठेवलं. पेटलाय. पेटलाय. पेटलाय... शाळेत पाढे म्हणावेत तसं. चौथ्या ओळीच्या पहिल्या खणाशी तिचं बोट अडलं.

"काय झालं?"

"इथे... दिवाच नाही. म्हणजे आहे, पण विझलाय."

"मेलीय ती," तो म्हणाला. "मागच्या वेळची नारिंगी गेलेली होती; ही नुसती आजारी आहे, अजून काम करतेय. तिला ओढलं असतं, तर एका दमात दोन गेल्या असत्या."

नारिंगी दिसल्याबरोबर तिची नजर तिथेच चिकटली होती. विझलेल्या खणावरून ती दोनदा गेली असेल, आणि तो तिला दिसला नव्हता.

"आता काढा," तो म्हणाला. "खटका दाबा, अर्धा मिनिट थांबा, मग बाहेर घ्या. मी आहे."

तिने काढली. नवी बसवली. आता नवी भरेपर्यंत आजारी डिस्कने तग धरायला हवा होता, आणि त्यात कुणीच काही करू शकत नव्हतं. दिवसभर ती आणि बाई आळीपाळीने खोलीत डोकावत राहिल्या, आजाऱ्याला बघून यावं तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने तो थेट संस्थेत आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. डिस्क भरली होती. मग त्याने आजारी डिस्कही बदलली आणि तिथेच, थंड फरशीवर, भिंतीला टेकून बसला. तीही बसली.

"तुम्ही काल ओरडलात," ती म्हणाली.

"हो."

"का?"

तो खणांकडे बघत म्हणाला, "मी एकदा ओढलीय. चुकीची."

मग त्याने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी एक छोटी संस्था होती, श्राव्य ग्रंथालय. लोक फावल्या वेळात तिथे येऊन वाचायचे. सहा वर्षांत एकशे बारा पुस्तकं झाली होती. एक डिस्क गेली म्हणून याला बोलावलं. याला सगळे दिवे सारखेच दिसले. तिथे चालवणाऱ्या मावशी स्वतःच आंधळ्या, त्यांना काय विचारणार? बाहेर दोघं-तिघं बसले होते, त्यांना विचारायची लाज वाटली. नंबर मोजला — एकापासून — आणि ओढली.

"सगळं गेलं. मी त्यांना म्हणालो, यंत्रच बाद झालं. त्या म्हणाल्या, 'असू दे, तुमचा काय दोष.' आणि... मला चहा दिला."

"तुम्ही घेतलात?"

त्याची नजर फरशीकडे वळली. तिला उत्तर कळलं.

बाहेर कुणीतरी दार उघडलं, मिटलं. यंत्र एकसुरी घरघरत होतं.

"चुकीची डिस्क ओढलीत, ते मी समजू शकते," ती हळू आवाजात म्हणाली. "काल मीही ओढलीच असती. पण तो चहा प्यायलात... ते मला समजत नाही."

"मलाही नाही समजत. म्हणून तर..."

"मग जाऊन सांगा."

"त्यांना सांगायचं म्हणजे आधी कंपनीत सांगायला हवं. नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जातेय?" असं म्हणून ती उठली खरी, पण टेबलाशी गेल्यावर दिवसभर एक रेघ तिच्या मनासारखी उमटली नाही.

नऊ दिवस त्याचा पत्ता नव्हता. फोन नाही, निरोप नाही. बाईंनी काही विचारलं नाही. वहिनीनेही नाही, आणि वहिनीचं न विचारणं फार बोलकं असायचं. आपण जास्त बोललो का, असं तिला रोज वाटायचं. आणि रोज वाटायचं, नाही, जेवढं बोलायला हवं होतं तेवढंच बोललो. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे तिला त्या नऊ दिवसांत कळलं.

दहाव्या दिवशी, रविवारी, वहिनीने खिडकीतून खाली पाहिलं आणि म्हणाली, "समोरच्या फुटपाथवर एक जण अर्धा तास उभा आहे. तीनदा रस्ता ओलांडून आला आणि तीनदा परत गेला. तुझाच असणार."

ती खाली गेली.

"कंपनीत सांगितलं," तो म्हणाला. "हाकललं नाही. पण बाहेरच्या कामावरून काढलं. आता फोनवर बसवलंय, दुसऱ्यांना वाट दाखवायला." मग बुटाच्या टोकाकडे बघत, "आता तिकडे निघालोय. एकट्याला जाता येईल, म्हणजे तसं काही नाही... पण..."

"चप्पल घालून येते," ती म्हणाली.

श्राव्य ग्रंथालय एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. दोन खोल्या. आतल्या खोलीला जाड काच, आणि काचेपलीकडे मेज, खुर्ची, माइक. मावशी साठीच्या, ताठ बसणाऱ्या. आवाजावरूनच त्यांनी त्याला ओळखलं. "मशीनवाले ना तुम्ही? या, या."

त्याने उभ्यानेच सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलंही नाही. चहाचंही सांगितलं.

मावशींची बोटं मेजाच्या कडेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली आणि परत आली.

"त्यातली सात पुस्तकं माझ्या दादाने वाचली होती," त्या शेवटी म्हणाल्या. "गेल्या वर्षी गेला तो."

त्याने मान खाली घातली. तिने नकळत त्याची बाही धरली.

"माफबिफ करायला मला वेळ लागेल. लागणारच," मावशी म्हणाल्या. आवाज कोरडा होता, पण त्यात काटा नव्हता. "वाचता येतं का तुला?"

"येतं."

"मग वाच. दर रविवारी. सात पुस्तकं झाली की बघू." आणि तिच्या दिशेने तोंड वळवून, "ही कोण आलीय बरोबर? हिलाही काहीतरी काम द्यायला हवं."

अशा रीतीने दोघांचे रविवार ठरून गेले. तो काचेआड वाचायचा. ती बाहेर ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापाशी हेडफोन लावून बसायची. अडखळला की खूण करायची. मावशी शेजारी दुसरा हेडफोन लावून उच्चारांच्या चुका काढायच्या, आणि त्यात त्या दयामाया दाखवत नसत. पहिलं पुस्तक निघालं मधमाशांवरचं. मोठं रुक्ष. पण त्याचा आवाज कानात इतका जवळून यायचा की मधमाशांबद्दल तिला अचानक फार जिव्हाळा वाटायला लागला होता.

चौथ्या रविवारी सातवं प्रकरण चाललं होतं. तो वाचत होता, "पोळ्याकडे परतलेली माशी नाचून बाकीच्यांना दिशा दाखवते. ती किती अंतरावर, कोणत्या बाजूला..." आणि थांबला.

तिने खूण केली — पुढे.

त्याने पुस्तकावरून नजर उचलली. काचेतून सरळ तिच्याकडे पाहिलं.

"हे पुस्तकात नाही," कानात त्याचा आवाज आला. "पण तू ऐकतेयस ना?"

तू. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. ती हललीच नाही.

"मला समोर बसून बोलता आलं नसतं. इथे निदान काच आहे मध्ये... तुला माझं जे सगळ्यात वाईट होतं ते कळलं, आणि तू चप्पल घालून आलीस. त्या दिवसापासून मी रोज एकच वाक्य पाठ करतोय. आणि आता तेच आठवत नाहीये." त्याने आवंढा गिळला, तोही कानात ऐकू आला. "मला तू हवी आहेस. रविवारीच नाही. रोज."

शेजारी मावशींनी भुवया उंचावल्या. "मधमाशी कुठे गेली गं?"

तिने हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"बोलायचं बटण तुझ्या हाताशी आहे," मावशी म्हणाल्या, "आणि मी काही उत्तर देणार नाही तुझ्या वतीने. ध्वनिमुद्रण चालू आहे, वेळ जातोय."

तिने बटण दाबलं. काचेपलीकडे तो पुस्तक छातीशी धरून बसला होता, शाळेतल्या मुलासारखा.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "सगळं. ...आता पुढे वाच."

एवढंच. पण 'वाचा' नाही, 'वाच'. ते त्याला पोचायला एक क्षण लागला. मग त्याचा चेहरा असा काही उजळला की तिला काचेतून बघवेना आणि नजरही काढवेना.

त्याने पान शोधलं, सापडेना, दुसरंच उघडलं, पुन्हा पहिलं काढलं आणि वाचायला लागला. प्रत्येक ओळीत अडखळत होता. मावशींनी त्या दिवशी एकही चूक काढली नाही.

"मधला तेवढा तुकडा कापून टाक हं," निघताना त्या म्हणाल्या. "लोकांना मधमाशा ऐकायच्या असतात."

तिने तो कापला. टाकला मात्र नाही.